नेवल्याची माफी मागा

पुण्यातल्या एका फिल्म क्लबात ‘वाईट’ सिनेमांची खास रात्र ठेवली होती. पिक्चर होता रामसे बंधूंचा ‘बंद दरवाजा’, १९९०चा. हॉलमध्ये साठेक लोक, बहुतेक सगळे आमच्याच वयाचे. सुरू होण्याआधी आयोजकांनी हसत हसत सांगितलं की आज मेंदू बाहेर चपलांजवळ ठेवून या. आम्ही ठेवून आलो. शवपेटीचं झाकण करकरलं, हशा. रबरी वटवाघूळ फडफडलं, हशा आणि शिट्ट्या. काळ्या झग्यातला तो उंचच्या उंच नेवला पहिल्यांदा डोळे वटारून उभा राहिला तेव्हा तर माझ्या पुढच्या रांगेतला एक जण हसता हसता खुर्चीवरून घसरला.

माझ्या शेजारी माझा रूममेट होता. गाव परभणीकडचं. हा पिक्चर त्यानं लहानपणी जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये मामाच्या मांडीवर बसून पाहिला होता. तो हसत नव्हता. इंटरव्हलला बाहेर आल्यावर वैतागून म्हणाला, “तुम्ही कामून हसायलेत तिथं? तिथं भ्यायचं असतंय.”

मी म्हटलं, अरे, मजा आहे ही.

पुढे जॉनी लिव्हर पडद्यावर आला तेव्हा तो एकटा खदखदून हसला आणि बाकीचा हॉल गप्प बसला. जिथं सिनेमानं हसायला सांगितलं तिथं आम्ही हसलो नाही, आणि जिथं घाबरायला सांगितलं तिथं खुर्चीवरून पडलो. तीन तास आम्ही त्या पिक्चरचं एकही म्हणणं ऐकलं नाही. वर बाहेर पडताना एकमेकांना म्हणालो, “सो बॅड इट्स गुड, यार!”

हे वाक्य मला आता सहन होत नाही. ‘इतका वाईट की चांगला.’ ऐकायला खेळकर वाटतं, पण आहे पक्कं बदमाश. पिक्चर आवडल्याचं सुख तुम्ही खिशात घालता आणि बनवणाऱ्याला त्याचं श्रेय मात्र देत नाही. मजा आली ती माझ्या हुशारीमुळे, त्याच्या कामामुळे नाही, असा या वाक्याचा खरा अर्थ. हॉटेलात पोटभर जेवायचं, बोटं चाटायची आणि बिल देताना म्हणायचं की स्वयंपाक इतका भिकार होता की आम्हाला गंमत वाटली.

तर आधी हा पिक्चर काय सांगतो ते बघू. त्या रात्री आम्ही बघितलं नव्हतं.

ठाकूरच्या हवेलीत मूल नाही. ठकुराईन लज्जोवर दुसऱ्या लग्नाची टांगती तलवार आहे. घरातली मोलकरीण महुआ (अरुणा इराणी, आणि त्या या भूमिकेत एक क्षणही गंमत म्हणून वावरत नाहीत) तिला काली पहाडीवर राहणाऱ्या नेवल्याकडे नेते. सौदा असा, की मुलगा झाला तर तुझा आणि मुलगी झाली तर त्याची. मुलगी होते. आई शब्द फिरवते. तिथून पुढे विष, सूड, अठरा वर्षांनी मोठी झालेली ती मुलगी, तिचं एकतर्फी प्रेम, पुन्हा काली पहाडी. नेवला शवपेटीत झोपतो, रक्त पितो आणि झगा घालतो, म्हणजे साधा सरळ ड्रॅक्युला आहे. (हिंदीत नेवला म्हणजे मुंगूस. आपल्या व्हॅम्पायरचं नाव मुंगूस ठेवणाऱ्या माणसाला विनोदबुद्धी नव्हती असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा कंस.)

आता पहिली वीस मिनिटं पुन्हा आठवा. मूल होत नाही म्हणून घरातून हाकललं जाण्याची भीती, आणि त्या भीतीपोटी बाई कुठल्या दारापर्यंत जाऊ शकते याची गोष्ट. बाबा, बुवा, अंगारे, ‘मुलगा होईल’ म्हणून दिलेली पुडी. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो काही हौस म्हणून नाही. तंबूत समोर मातीवर बसलेल्या बायकांमध्ये अशा किती जणी असतील ज्यांना काली पहाडीचा रस्ता कुणी ना कुणी सुचवला होता? त्यांना रबरी वटवाघळाचे टाके दिसत नव्हते असं नाही. त्यांचं लक्ष लज्जोकडे होतं. आमचं टाक्यांकडे होतं, कारण लज्जोची भीती आम्हाला कधी लागलीच नव्हती. रात्रभर ज्या अज्ञानावर आम्ही हसलो ते पडद्यावरचं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बरं, विषय गंभीर असेल, पण मध्येच तो विनोद कशाला? भय एकीकडे, कॉमेडी एकीकडे, गाणं तिसरीकडे. याला पटकथा म्हणतात का?

हा आक्षेप मी इंग्रजी शिकलेल्या माणसांकडूनच ऐकला आहे. कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा की संकासुर भीतीदायक असतो की विनोदी. दशावतारात काळ्या कपड्यातला, लांब जीभ लोंबणारा संकासुर येतो, पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरामागे लपतात, आणि तोच संकासुर मालवणीत असे टोले हाणतो की मागच्या रांगेतले म्हातारे ठसका लागेपर्यंत हसतात. मग विष्णू येऊन त्याला मारतो. सगळं एका पेटाऱ्यातल्या सामानावर आणि एका देवळासमोरच्या मांडवात. तमाशाच्या वगात राजा संकटात असताना सोंगाड्या मध्ये तोंड घालतो तेव्हा कुणी उठून ‘टोन बिघडला’ म्हणत नाही. स्वस्तातला राक्षस, त्याची भीती आणि त्याच राक्षसाची टिंगल एकाच रात्री बघायची सवय आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. रामसेंनी ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) जगदीपला घेऊन ‘शोले’चं विडंबन घुसवलं, मच्छर सिंग नावाचा डाकू केला, ते काही चुकून झालं नव्हतं. त्याच पिक्चरमध्ये आपले सदाशिव अमरापूरकर आहेत, आणि भय वाटावं अशी जबाबदारी घेऊन आहेत. समोरच्या माणसाला किती वेळ घाबरवायचं आणि कधी मोकळं सोडायचं याचा रामसेंचा हिशेब होता. तो हिशेब आपल्याला कळत नाही म्हणून तो चुकीचा ठरवायचा?

मला माझ्या परीनं पिक्चरची बाजू घ्यायची आहे, पण खोटं बोलून नाही. ‘बंद दरवाजा’ बराच ठिकाणी खरोखर वाईट आहे. मधला अर्धा तास नुसता ओढलेला आहे. हीरो लाकडाचा आहे, त्यातही ओल्या लाकडाचा, कारण पेटतच नाही. बायकांच्या अंगावरून कॅमेरा जसा फिरतो ते आज बघताना ओशाळायला होतं, आणि ‘तो काळच तसा होता’ ही सबब मला पुरत नाही. जॉनी लिव्हरचे सगळे विनोद काही जमलेले नाहीत. हे सगळं म्हणा, रागानं म्हणा, लेख लिहा. मी त्याला टीका म्हणेन. टीका म्हणजे तुम्ही पिक्चरला बरोबरीचं मानलं आणि त्याच्याकडून काही अपेक्षा केली. ‘इतका वाईट की चांगला’ मध्ये अपेक्षाच नाही. प्राणिसंग्रहालयातल्या माकडाला नमस्कार करता आला की आपण टाळ्या वाजवतो, तसं आहे ते.

आणि जे चांगलं आहे ते आपोआप झालेलं नाही. हे कुटुंब फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलं. वडील फतेहचंद रामसिंघानी यांचं रेडिओचं दुकान होतं. ‘रामसिंघानी’ साहेब लोकांच्या तोंडात बसेना म्हणून ‘रामसे’ झालं. त्यांनी सिनेमात पैसे घातले. १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण मुलांच्या लक्षात आलं की पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून दरोडा घालतात त्या एका प्रसंगासाठी लोक येतात. मग सात भावांनी कामं वाटून घेतली. कुमार लिहिणार, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, अर्जुन संकलनावर, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. पहिला भयपट ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) काढायला अख्खं कुटुंब महाबळेश्वरला गेलं आणि घरच्या बायकांनी युनिटचा स्वयंपाक सांभाळला. एका एकत्र कुटुंबाचा हा धंदा होता, पापड-लोणच्याचा असावा तसा, फक्त पापडाऐवजी प्रेतं.

गंगू रामसेंची प्रकाशयोजना एकदा नीट बघा. म्हणजे मोबाईल आडवा धरून, ब्राइटनेस वाढवून बघा, दुसऱ्या टॅबमध्ये काही न उघडता. एका खिडकीतून निळा उजेड, दुसऱ्या कोपऱ्यातून लाल, धुराच्या यंत्राचा धूर मध्ये सोडलेला, म्हणजे भिंतीला रंग नाही हे दिसत नाही आणि खोली किती छोटी आहे ते कळत नाही. पैसा नसला की अंधार वापरायचा हे कुणीही सांगेल. अंधाराला रंग द्यायचा हे त्या माणसाला सुचलं होतं आणि जमलं होतं. आज ज्यांचे ‘निऑन लाइटिंग’वाले रील आपण सेव्ह करून ठेवतो त्यांनी गंगूंना एखादी उदबत्ती लावायला हरकत नाही.

आणि नेवला. तो सहा फुटांहून बराच उंच माणूस म्हणजे अनिरुद्ध अगरवाल, रुडकीहून सिव्हिल इंजिनियर झालेला. आधी ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी झाला होता. ज्याच्या चेहऱ्यावर आमचा हॉल लोळला, तोच माणूस १९९४ साली शेखर कपूरच्या ‘बँडिट क्वीन’मध्ये बाबू गुज्जर झाला. तो पिक्चर बघताना त्याच चेहऱ्यावर हसलेला एक तरी माणूस दाखवा. माणूस तोच, उंची तीच, डोळे तेच. बदललं एवढंच की ‘बँडिट क्वीन’ गंभीरपणे बघायची परवानगी आम्हाला मिळाली होती.

आता ही परवानगी कोण देतं, आणि हसायची परवानगी तरी कुणी दिली? याची एक गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि तिच्यातही एक व्हॅम्पायर आहे.

बेला लुगोसी हा १९३१च्या ‘ड्रॅक्युला’चा नट. ती भूमिका त्याला अशी चिकटली की पुढे धड काम मिळेना. शेवटी आजार, मॉर्फिनचं व्यसन, गरिबी. अशा दिवसांत एड वुड नावाचा एक धडपड्या दिग्दर्शक त्याच्यासाठी काहीबाही शूट करत राहिला. ऑगस्ट १९५६मध्ये लुगोसी गेला. ड्रॅक्युलाच्या झग्यातच त्याला पुरलं. वुडकडे त्याची काही मिनिटांची मुकी फिल्म उरली होती. तेवढ्यावर त्यानं ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ उभा केला. उरलेल्या प्रसंगांत लुगोसीच्या जागी आपल्या बायकोचा कायरोप्रॅक्टर उभा केला, म्हणजे मणके-सांधे बसवून देणारा माणूस, आणि चेहरा दिसू नये म्हणून तो सगळा पिक्चरभर झगा नाकासमोर धरून चालतो. हो, हे हास्यास्पद आहे. मीही हसलो. पण एका मेलेल्या, जगानं विसरलेल्या मित्राला आणखी एकदा पडद्यावर मुख्य नट म्हणून आणायचं एवढ्यासाठी कुणी इतकं हास्यास्पद व्हायला तयार होतो, हेही त्याच दृश्यात आहे. नुसता झगा बघून हसणाऱ्याला अर्धंच दृश्य दिसतं.

डिसेंबर १९७८मध्ये एड वुड मेला, घरातून हाकलला गेल्यावर थोड्याच दिवसांत. दोनच वर्षांनी मेदवेद बंधूंनी आपल्या पुस्तकात ‘प्लॅन नाइन’ला जगातला सर्वांत वाईट सिनेमा आणि वुडला सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवलं. तिथून वाईट सिनेमे जमून बघण्याची आणि ठरल्या जागी हसण्याची प्रथा फोफावली. मग १९९४मध्ये टिम बर्टननं ‘एड वुड’ काढला, आणि त्यात लुगोसीचं काम करणाऱ्या मार्टिन लँडाउला ऑस्कर मिळालं. लुगोसीला स्वतःला मरताना काय मिळालं होतं ते वर आलंच आहे. पुण्यातली आमची ती रात्र ही त्याच प्रथेची स्वस्तातली आवृत्ती होती. आपण रामसेंना नकलाकार म्हणतो आणि हसण्याची पद्धत मात्र अमेरिकेहून जशीच्या तशी आणतो.

नकलेवरून आठवलं. ‘हे सगळं हॅमर स्टुडिओच्या ड्रॅक्युलावरून ढापलेलं आहे’ हे वाक्य अशा प्रत्येक चर्चेत येतं. ढापलेलं आहेच. ख्रिस्टोफर लीच्या झग्याचं कापड रामसेंनी मनसोक्त कापलं. पण व्हॅम्पायरपटांच्या बाबतीत चोरीचा आरोप करायला तोंड कुणाला आहे? जर्मनीतला ‘नोस्फेरातु’ (१९२२), ज्याची पूजा प्रत्येक फिल्म स्कूलमध्ये होते, तो ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीवरून परवानगी न घेता काढलेला पिक्चर. स्टोकरच्या विधवेनं खटला भरला आणि कोर्टानं त्याच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही वाचल्या म्हणून आपण तो बघतो. सूर्यप्रकाशात व्हॅम्पायर मरतो हा नियम तुम्हाला माहीत आहे ना? तो स्टोकरच्या पुस्तकात नाही. तिथला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो. तो नियम या चोरीच्या पिक्चरनं जगाला दिला. ढापता ढापता नवीन काहीतरी हाती लागतं, व्हॅम्पायरची वंशावळ अशीच वाढली आहे. आपल्याकडच्या ढापण्यात ड्रॅक्युलाला ठाकूरची हवेली, वांझपणाचा शिक्का आणि मुलगा-मुलगीचा सौदा मिळाला. युरोपातल्या काउंटला गिऱ्हाईक म्हणून कोवळ्या मुली लागतात. आमच्या नेवल्याकडे गिऱ्हाईक आपल्या पायानं चालत येतं, कारण घरात त्याहून मोठी भीती बसलेली असते. मला हा बदल हॅमरपेक्षा वरचा वाटतो. भांडायचं असेल तर भांडा.

काही जण म्हणतील, ठीक, पण हल्ली जाणूनबुजून वाईट सिनेमे काढतात, त्यांचं काय? ‘शार्कनाडो’ (२०१३) घ्या. वादळातून शार्क उडतात, सगळ्यांना माहीत आहे की हे वाईट आहे, दिग्दर्शकही डोळा मारतोय. यात कुणाचा अपमान नाही, सगळे एकाच बाजूला.

याच पिक्चरांवर माझा खरा राग आहे. त्यात कुणी काही पणाला लावलेलं नसतं. पडलो तर म्हणायला मोकळे, की पडायचंच होतं. रामसेंना आणि वुडला ही पळवाट नव्हती. त्यांनी वटवाघूळ उडवलं ते लोक घाबरतील या भरवशावर. भरवसा चुकला असेल, तरी वटवाघूळ खरं होतं.

श्रीमंत पिक्चरांची पळवाट वेगळी आहे. २०२५च्या दिवाळीत ‘थामा’ आला. व्हॅम्पायरला ‘बेताल’ म्हटलं, म्हणजे आपला वेताळ, ही कल्पना झकास. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, आपला माणूस. मी पहिल्या आठवड्यात गेलो आणि बाहेर येताना मला फक्त पैसा आठवत होता. ‘भेडिया’ येऊन मारामारी करून जातो, आयटम साँग येतं, पुढच्या पिक्चरचं तिकीट आत्ताच विकलं जातं. मजा येते, नाही असं नाही, पण प्रत्येक गमतीचा विमा उतरवलेला आहे. याच सरपोतदारांनी २०२२मध्ये मराठीत ‘झोंबिवली’ केला होता. डोंबिवलीत झोंबी, एका बाजूला नवा टॉवर, दुसऱ्या बाजूला वस्ती, आणि मध्ये पाण्याचा धंदा. मेकअप कधी कधी दिसतो, काही विनोद हुकतात. पण टॉवरच्या गच्चीवरून खाली वस्तीकडे बघणाऱ्या माणसाच्या मनातली भीती त्यात आहे, आणि ती भीती झोंबीची नाही. ‘थामा’मध्ये सगळं ‘झोंबिवली’पेक्षा चकचकीत आहे. त्यातली भीती कुणाची आहे ते मला अजून सापडलं नाही.

म्हणजे हसायचं नाही का? हसा की. मालेगावात यंत्रमागाच्या शहरात शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला तो हसवायलाच. तिथला सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर काम करायचा, अंगानं काडीसारखा, आणि ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात तो हवेत उडताना दिसतो तेव्हा हसू येतंच. पण ते हसू आधी मालेगावातल्या लोकांचं होतं. शफीक आपल्या गल्लीचा आहे आणि उडतोय, हे बघून ते हसत होते. त्या हसण्यात तुम्ही त्याच्याबरोबर दोन फूट वर जाता. आमच्या हॉलमधल्या हसण्यात आम्ही खुर्चीवरून खाली पडत होतो, हा फरक मला बराच उशिरा कळला.

उशिरा म्हणजे किती, ते सांगतो. त्या रात्रीनंतर वर्षभरानं आम्ही चार मित्रांनी मिळून एक शॉर्ट फिल्म केली. व्हॅम्पायर कॉमेडी. खर्च अठरा हजार, त्यातले सहा हजार बिर्याणीचे. कथा अशी, की सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर एक व्हॅम्पायर राहतो. दिवसा झोपायला अंधार हवा म्हणून तो कॉटवर न झोपता कॉटखाली झोपतो, आणि मालकीणबाई त्याला डिपॉझिट परत देत नाहीत म्हणून तो दोनशे वर्षं तिथंच अडकला आहे. कल्पना वाईट नव्हती. खोली न मिळण्याची, परक्या शहरात आपण कुणाच्या तरी कॉटखाली आयुष्य काढणार याची भीती आमच्या चौघांकडेही भरपूर होती.

पण आम्हाला कुणी हसेल याची त्याहून जास्त भीती वाटली. म्हणून आम्ही आधीच हसून घेतलं. व्हॅम्पायरचे दात मुद्दाम पडतात. रक्त म्हणून टोमॅटो सॉसचं पाऊच कॅमेऱ्यासमोरच फोडलं. तो कॅमेऱ्यात बघून म्हणतो, “बजेट नाहीये, समजून घ्या.” एका स्पर्धेत ती दाखवली. परीक्षकांनी ‘सेल्फ-अवेअर’ म्हणून कौतुक केलं, उत्तेजनार्थ बक्षीसही दिलं. आम्ही खूश.

रूममेटनं ती खोलीवर लॅपटॉपवर पाहिली. चौदा मिनिटं काही बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, “भ्यालो बी नाही, हसलो बी नाही. तो कॉटखाली झोपतंय तेवढं बेस हाय. तिथं तुम्ही थांबला का नाहीत?”

मी म्हटलं, तिथं थांबलो असतो तर लोक हसले असते.

“मग हसू द्यायचं की.”

गेल्या महिन्यात त्याच्या गावी गेलो होतो. रात्री जेवण झाल्यावर अंगणात मामाच्या फोनवर त्यानं यूट्यूबवर ‘बंद दरवाजा’ लावला. प्रिंट खराब होती, मध्ये मध्ये पेप्सोडेंटची जाहिरात. मामा, मामी, शेजारची दोन पोरं, आम्ही दोघं, सगळे त्या सहा इंचांवर वाकलेलो. मामीनं हा पिक्चर आधी पाहिलेला नव्हता. लज्जो काली पहाडीकडे निघाली तेव्हा मामी हातातली तांदळाची ताटली खाली ठेवून म्हणाली, “नको जाऊ गं बाई.” धाकटं पोरगं नेवल्याचे डोळे दिसल्याबरोबर माझ्या पाठीमागे शिरलं आणि माझ्या शर्टाची मूठ धरून बसलं. मग जॉनी लिव्हर आला. मामा हसायला लागले, त्यांचं बघून पोरगं हसायला लागलं, पण शर्ट काही सोडला नाही.